यादीत माझंही नाव निघालं तेव्हा

नात मला कॉम्प्युटर शिकवायला बसली की बोईसरची ती चोरी आठवते आणि मला हसू फुटतं.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात फौजदार होते. पन्नाशी उलटलेली, शहाणपणाचा मात्र पत्ता नव्हता. एका बंद कारखान्यातून तांब्याची केबल चोरीला गेली. बेटेगावच्या खबऱ्याने सांगितलं, "मॅडम, चोर जुना हाय. गेटावर नाव सांगूनच आत गेला."

आजूबाजूच्या ठाण्यांकडून रेकॉर्डवरच्या चोरांच्या याद्या मागवल्या आणि मी स्वतः त्या कॉम्प्युटरवर एका फाइलमध्ये एकाखाली एक चिकटवल्या. नीटनेटकेपणाची हौस भारी! दोन याद्यांमध्ये एकेक ओळ रिकामी सोडली. कारखान्याच्या गेटवर आत जाणाऱ्यांच्या नोंदींची फाइल वेगळी होती. हवालदाराने काळ्या पडद्यावर एका ओळीची कमांड लिहिली: पहिल्या फाइलमधली कुठलीही ओळ गेटच्या ज्या नोंदीत सापडेल, ती नोंद दाखव.

पडदा भरून वाहू लागला. एवढे चोर एका गेटातून गेले कसे, हे कुतूहल तेव्हा वाटायला हवं होतं. मी खूश! सगळ्यात जास्त वेळा मनोरकडच्या एका हमाल पोराचं नाव होतं. आणला उचलून.

"आधी कुठल्या ठाण्यात होतास?"

"ठाणं आजच बघतोय मॅडम."

बाहेर बाकावर त्याची आई. "बाई, पोरगा चोर नाय. अटक झाली तर त्याला कामावर कोन घेल?"

"मावशी, कॉम्प्युटरला नातीगोती नसतात," मी ऐटीत म्हणाले.

अटकेचे कागद करायला बसले, म्हणून निघालेल्या नावांची प्रिंट शेवटपर्यंत वाचली. शेवटचं नाव माझं! पंचनाम्याला गेले तेव्हा गेटवर नोंदवलेलं.

"हवालदार, मी कधीपासून रेकॉर्डवर?"

"काय माहीत मॅडम, माझी बदली नवीन आहे."

दोघांनी चोरांच्या यादीची फाइल उघडली. पोराचं नाव त्यात नव्हतंच. हवालदाराचं बोट माझ्या रिकाम्या ओळींवर थांबलं. रिकामी ओळ शोधायला दिली की ती प्रत्येक नोंदीत सापडते. म्हणजे मीच यंत्राला सांगितलं होतं, कोणीही चालेल. त्या ओळी काढून कमांड पुन्हा चालवली. एकच नाव उरलं, दुरुस्तीच्या निमित्ताने आत गेलेला जुना भंगारचोर. केबल त्याच्याच घरामागे सापडली, मग कबुलीला वेळ लागला नाही.

पोराला सोडताना मी मावशीला काही न लपवता सगळं सांगितलं. तिने डोळे बारीक केले.

"म्हंजे तुमचं पन नाव आलं व्हतं?"

"हो."

"मंग तुमाला कुनी उचललं नाय?"

निवृत्तीपर्यंत यंत्राने कुणाचंही नाव काढून दिलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला: यात मी आहे का, ते आधी बघा.