एकशे चव्वेचाळीस तीळ

सकाळी साडेसातला भाचीचा, शुभाचा फोन आला. "आत्या, बाबा गेले... झोपेतच." माझा धाकटा भाऊ दिगंबर, तुमचे दिगूआजोबा, जाऊन आता पाच आठवडे झाले. तुम्ही दोघं नातवंडं तिकडे परदेशात त्या उडणाऱ्या नायकाच्या सिनेमाचा दुसरा भाग अजून आवडीने बघता, त्याला 'क्लासिक' म्हणता. त्यातली सहा सेकंदं सदाशिव पेठेत राहणाऱ्या तुमच्या आजोबांच्या हातची आहेत. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून नीट लिहून ठेवते.

दिगूचं काम फोटो रिटचिंगचं. बुधवार पेठेतल्या एका स्टुडिओत बसून तो टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरचे डाग घालवायचा. लग्नासाठी दाखवायचे मुलींचे फोटो खास त्याच्याकडे येत. मुरूम, तीळ, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं जाई. मग कलर लॅब आल्या आणि ते काम संपलं. दोन वर्षं तो घरी बसून होता, दाढीही रोज करेनासा झाला... तेवढ्यात पुण्यात कॉम्प्युटरवर परदेशी सिनेमांचं काम करणारी एक कंपनी निघाली, तिने त्याला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. तो त्रेपन्न वर्षांचा, बाकी सगळे पंचविशीच्या आतले. त्याचं इंग्रजी बेताचं, म्हणून मी कॉम्प्युटरच्या शब्दांची वही करून दिली, माझ्या सवयीप्रमाणे अक्षरानुक्रमे. नट तारांना टांगून उडतो. त्या तारा एकेका चित्रातून पुसायच्या आणि मागचं आभाळ कळणार नाही असं भरायचं. "ताई, पेन्सिलीऐवजी माउस. बाकी तेच," दिगू म्हणाला.

तेच होतं, म्हणूनच घोटाळा झाला. तिसऱ्या महिन्यात त्याचा एक शॉट तिकडून परत आला. तार मानेजवळून जात होती. दिगूने ती पुसली आणि सवयीने नटाच्या मानेवरचा ठसठशीत तीळही पुसला. सहा सेकंदं, म्हणजे सेकंदाला चोवीस या हिशेबाने एकशे चव्वेचाळीस चित्रांतून! त्याची प्रमुख मृणाल, शुभाच्याच वयाची. म्हणाली, "काका, हिरोचं लग्न जमवायचंय का?" सगळे हसले, दिगू सोडून. मला फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, आता परत घरी नाही गं बसवणार मला..."

मूळ चित्रं घ्यावीत तर तारही परत येणार. त्याने दोन दिवस मागून घेतले आणि तीळ रंगवायला बसला. मान वळते तसा तीळ सरकतो, सावलीत विरतो, उन्हात गडद होतो. मृणालने मूळ चित्रं शेजारी लावून सगळं तपासलं आणि म्हणाली, "काका, सोमवारी येताना कागदपत्रं आणा. कायम करतोय तुम्हाला."

सिनेमा आला तेव्हा आम्ही सगळे गेलो. "ताई, मान बघ, मान!" दिगू ओरडला. मागून आवाज आला, "अहो, समालोचन घरी करा." दिगू वळून म्हणाला, "घरी एवढा पडदा नाही हो!" शेवटच्या नावांत त्याचं नाव नव्हतं. त्याने ती वाचलीही नाहीत, त्याला भेळेची घाई होती.

मागच्या रविवारी शुभाकडे गेले. तिने त्याचा फोटो मोठा करायला दिला होता. लहानपणी दिगूला देवी आल्या होत्या, गालांवर त्यांचे व्रण होते. दुकानदाराने आपणहून ते पुसून चेहरा गुळगुळीत करून दिला. शुभाने फोटो परत पाठवला. "म्हटलं, आमचे बाबा द्या." आता नवा फोटो हॉलमध्ये लागलाय. त्याच्यासमोर बसून मी चहा घेतला. व्रण मोजले नाहीत, पण सगळे असावेत.