शॉपलिफ्ट म्हणजे उचलणे

निजामाच्या राज्यात मी निंबर्ग्याच्या शाळेत मास्तर होतो. शिकवायचो उर्दूतून, इंग्रजी घरी एकट्यानंच गिरवत होतो. गावात तेवढंही कुणाला येत नव्हतं, म्हणून शेजारच्या अक्का एक इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडं आल्या. त्यांचा नवरा सिकंदराबादेत एका गोऱ्या साहेबाकडं माळी होता. पत्र साहेबाचंच.

एका शब्दावर मी अडलो. शॉपलिफ्ट. माझ्या शब्दकोशात तो नव्हता. शॉप म्हणजे दुकान, लिफ्ट म्हणजे उचलणं. पण माणूस दुकान कसं उचलणार? बराच वेळ डोकं खाजवून मी ठरवलं, दुकानातला माल उचलत असेल.

“अक्का, तुमचे मालक दुकानात माल उचलतात म्हणे. ही सवय आधीपासूनची आहे का, असं साहेब विचारतोय.”

“माळ्याला वझी कामून उचलायला लावायलेत?” त्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, “पर लिव्हा मास्तर, सवय हाय. जवारीचं पोतं एकटेच उचलतेत. मामंजीबी उचलायचे.”

मी तसंच इंग्रजीत लिहिलं. लहानपणापासून उचलायची सवय आहे, वडीलही उचलत.

वीसेक दिवसांनी नवरा बोचकं घेऊन माझ्या दारात उभा.

“मास्तर, माझा बापबी चोर व्हता म्हून कामून लिव्हलात?”

मला काही उमजेना. मग त्यानं सांगितलं, साहेबानं माझं पत्र वाचून त्याला कामावरून काढलं होतं. मेमसाहेबांचं सामान आणायला तो दुकानात गेला होता, आणि बाहेर पडताना त्याच्या खिशात साबणाची वडी सापडली होती. चोराला आपण उचल्या म्हणतो, हे मला सुचलंच नव्हतं!

“वडी तुम्ही घेतली होती?”

“वास बघायला घेतलो व्हतो. खिशात कशी गेली, मलाच कळंना झालंय.”

मी साहेबाला चूक कबूल करणारं पत्र धाडलं. उत्तर आलं नाही. मग गुलबर्ग्याला जाऊन एका जुन्या इंग्रजीच्या मास्तरांना गाठलं. ते म्हणाले, गिऱ्हाईक म्हणून आत शिरून माल लांबवला तरच हा शब्द. घरफोडीला, पाकीटमारीला तो चालत नाही.

“आणि चुकून खिशात गेलं तर?”

“तसा शब्द मला ठाऊक नाही.”

अक्कांचा नवरा पुढं शेतीच करू लागला. वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. अक्का मात्र सणावाराला ताट पाठवत राहिल्या. माणूस घरी आला म्हणून, की मला माफ केलं म्हणून, विचारायचं धाडस मला झालं नाही.