साहेबांचे क्लब, मडमेचे क्लब

मंगळवार, ८ डिसेंबर १९३६. थंडी वाढली. सकाळचे दूध नासले, गूळ घालून आटवले. साळूबाई धुण्याला आली नाही. आप्पासाहेब कचेरीतून लांबलचक चामडी पिशवी घेऊन आले. आत तालुकदारसाहेबांचे स्वतःचे गोल्फचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, यांना बक्षीस. शुक्रवारी छावणीच्या गोऱ्या अफसरांशी सामना. जेवले नाहीत.

ही माझ्या वहीतली नोंद. आप्पासाहेब म्हणजे माझे यजमान. अव्वल तालुकदारांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांच्या, कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबांपुढे कागद मांडणारे कारकून. वैजापूरचे. शाळेत असताना उंची कमी म्हणून पहिल्या बाकावर बसवत, आणि पुढे त्या उंचीत फारशी भर पडली नाही. गोल्फ ते हौसेने शिकले नव्हते. साहेबांना खेळायला चौथा गडी लागायचा, म्हणून शिकले. छावणीतले एक पाद्री विलायतेला परत गेले, तेव्हा त्यांच्या सामानाच्या लिलावात यांनी क्लब घेतले. आखूड, हलके, लाकडी दांड्याचे, आणि दांडे चांगले लवचिक. यांचा हात सावकाश फिरायचा, पण दांडा वाकून उसळायचा आणि चेंडू सरळ उंच जायचा. महिनाभराने कळले, ते पाद्र्यांच्या मडमेचे क्लब होते. ही गोष्ट घराबाहेर आमच्या शेजारच्या फारूखभाईंना तेवढी ठाऊक होती.

साहेब सहा फुटी, पोलो खेळलेले. त्यांच्या क्लबचे दांडे पोलादी, लांब आणि ताठ. बुधवारी संध्याकाळी हे परसात सरावाला उभे राहिले, तेव्हा दांड्याचे टोक पोटात रुतत होते. दांडा खाली धरला तर हात मोकळा फिरायचा नाही, वर धरला तर चेंडूच्या आधी माती उडायची. लागलाच, तर चेंडू उजवीकडे सरपटत जायचा.

कुंपणावरून फारूखभाई म्हणाले, "पेशकारसाब, उंटावर बसताय का? शिडी देऊ?"

"हसू नका हो. परवा सगळ्यांसमोर मारायचंय यानं."

"मग मडमसाहेबांचे न्या ना."

"हळू बोला!"

रात्री मनगटाला आंबेहळदीचा लेप लावताना मी म्हटले, "दांडे थोडे कापून घ्या ना मिस्त्रीकडून."

हे दचकले. "अगं, साहेबांनी अंगावरची शेरवानी दिली, तर ती कापायची का?"

"शिंपी कापतोच की."

"देणाऱ्यानं सांगितलं तर. आपण होऊन नाही."

मी पट्टी बांधली; भीती कशाची, ते मला ठाऊक होते. आधीच्या पेशकाराला साहेबांनी शिकारी कुत्रा दिला होता. त्याने तो मेहुण्याला देऊन टाकला. महिन्याच्या आत त्याची बदली आसिफाबादच्या जंगलात झाली. मला सातवा महिना होता. आधीची दोन मुले हाती लागली नव्हती. मिशनच्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, बैलगाडीत पाऊल ठेवायचे नाही, बाळंतपण इथेच. यांची बदली झाली तर मला जावे लागेल, नाहीतर एकटीने राहावे लागेल. दोन्ही विचार मनात आले की पोटातले बाळ हलते की नाही, ते मी हात ठेवून पाहत बसे.

आमच्या संस्थानात शुक्रवारी कचेरीला सुट्टी. जुम्याच्या नमाजाआधी संपावे म्हणून सामना सकाळीच ठेवला होता. बायकांची बसायची सोय कनातीच्या आड. साहेबांच्या बेगम, अजरा बेगम, कापडाच्या फटीतून पाहत होत्या. माझ्यासारख्याच कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, बोलायला मोकळ्या.

"तो बांबू घेऊन कोण निघालाय?"

"आमचे हे," मी म्हटले. त्यांनी माझ्या हातात चहाचा पेला दिला. तो न पिताच खाली ठेवून मी फटीशी सरकले.

पहिला चेंडू नाल्यात गेला. दुसऱ्या वेळी मातीच उडाली. साहेब यांच्याच बाजूने खेळत होते. ते छडी बुटावर आपटत राहिले. तिसऱ्या खेपेला आप्पासाहेबांनी पिशवी जमिनीवर ठेवली, आत खांद्यापर्यंत हात घातला आणि तळाशी लपवलेला एक आखूड क्लब काढला. मला घरी सांगितलेसुद्धा नव्हते. चेंडू उंच, सरळ गेला.

एक मेजर मोठ्याने हसला आणि इंग्रजीत म्हणाला, "माझ्या बायकोकडे अगदी असाच आहे!"

साहेब हसले नाहीत. "पेशकार, आमचे क्लब पसंत पडले नाहीत?"

कनातीत अजरा बेगमनी फट बोटांनी रुंद केली.

"हुजूर, ते आपल्या उंचीचे, आपल्या हाताच्या जोराचे," आप्पासाहेब म्हणाले. "आपली शेरवानी मी घातली, तर लोक शेरवानीला हसतील."

साहेब पुढे चालू लागले. उरलेला खेळ हे त्या एकाच आखूड क्लबाने खेळले. दोघे सामना थोडक्यात हरले. साहेब कोणाचा निरोप न घेता मोटारीत बसले.

घरी आल्यावर यांनी पिशवी दाराशी उभी केली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. दिवेलागणीला कचेरीचा शिपाई फकिरा आला.

"साहेबांनी ते क्लब परत मागवलेत."

हे उठलेच नाहीत. मीच विचारले, "आणखी काही म्हणाले?"

"लई बोलले. म्हणे, कापलं तर दांडा आणखीन ताठ हुतो, वाकायचा नाय. पेशकाराला मऊ दांड्याचे मुंबईहून मागवतो. दोन मापं आण म्हणाले. एक उंचीचं, एक मनगटापासून भुईपतुर."

"पेशकाराला म्हणाले? इथल्याच?"

"मग कुठल्या, बाईसाहेब?"

मी यांना दाराच्या चौकटीला टेकून उभे केले. मनगटाचे माप मी दोनदा घेतले. गाठी मारून सुतळी फकिराला दिली. फाल्गुनात मिशनच्या दवाखान्यात आम्हाला मुलगी झाली.

त्या शुक्रवारच्या संध्याकाळी मी वहीत शेवटची ओळ लिहिली: घरातली सुतळी संपली, उद्या बाजारातून आणणे.