नमुना अपुरा होता

सकाळी साडेसातला शमीमभाभींचा फोन आला. "भाईसाहेब, ते गेले," एवढंच म्हणाल्या. मी चहाचा कप तसाच ठेवून रिक्षा पकडली. दुपारच्या नमाजनंतर इक्बालला कबरस्तानात नेलं, सगळ्यांबरोबर मीही तीन मुठी माती टाकली आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसलो. राग आला होता, पण कुणावर काढायचा ते तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. परवा इक्बालचा चाळिसावा झाला. गेलेल्या माणसाबद्दल पुरवणीत गोड लिहायची रीत आहे, हे मला कळतं, आणि इक्बाल मुजावर गोड लिहिण्यासारखाच माणूस होता. पण हा लेख मी जितका त्याच्या आठवणीसाठी लिहितो आहे, तितकाच पुण्यातल्या एका माणसाला सुखाची झोप लागू नये म्हणून लिहितो आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आम्ही दोघं खडकीला, संरक्षण खात्यासाठी बाहेरून येणारा माल तपासणाऱ्या विभागात. मी अमरावतीकडून आलेला, त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा आणि हुद्द्यानेही वर. तो चोविसाव्या वर्षी रुजू झाला तेव्हा काम मीच शिकवलं. आलेल्या प्रत्येक लॉटमधून नमुना काढायचा, मोजायचा, पास की नापास तो शिक्का मारायचा. आणि एक नियम... एकदा नापास झालेल्या लॉटचा पुन्हा नमुना काढायचा नाही. हवा तो निकाल येईपर्यंत नमुने काढत बसलं तर जगातला कुठलाही माल पास होतो. इक्बालने हे जे डोक्यात धरलं, ते कायमचं. एकदा स्प्रिंगा पुरवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस पेढ्यांचा खोका घेऊन आला. माल आदल्या दिवशी नापास झाला होता. "साहेब, अजून एकदा बघा ना, दुसऱ्या पेटीतला नमुना घ्या," अशी त्याची अजिजी चाललेली. इक्बालने खोका शांतपणे आमच्या काट्यावर ठेवला. खोक्यावर एक किलो छापलेलं होतं, भरले चाळीस ग्रॅम कमी. त्याने खोक्यावर नापासचा शिक्का मारला आणि म्हणाला, "हा पण परत न्या. आणि नमुन्याचं म्हणाल, तर दुसऱ्यांदा काढला की तो नमुना राहत नाही, विनवणी होते." त्या दिवशी मला माझ्या शिष्याचा इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही. निवृत्तीनंतरही तो सुधारला नाही. खडकी बाजारातले भाजीवाले त्याला लांबून बघितलं की आपणहून काट्यावर एक टोमॅटो जास्त टाकत.

मागच्या वर्षी खोकला झाला. आधी धूळ, मग हवा, मग ॲलर्जी असं करत करत शेवटी फुप्फुसातली गाठ निघाली. ज्या रुग्णालयात गेलो त्याचं नाव लिहीत नाही, कारण संपादकांनी मला वकिलाचा धाक घातला आहे. डॉक्टर मोठे. मंगळवारी बसतात, आणि मंगळवारी त्यांच्या दाराबाहेर उभं राहायलाही जागा नसते. त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आम्हाला समजेल अशा भाषेत सांगितलं की केमोशिवाय आता इम्युनोथेरपी असते. त्यात औषध थेट गाठीला मारत नाही, शरीराच्या स्वतःच्या संरक्षणाला जागं करतं. ते कुणाला लागू पडण्याची शक्यता जास्त, हे आधी बघतात. सुईने काढलेल्या गाठीच्या तुकड्यात अमुक एक प्रथिन आहे का, ते तपासतात. इक्बालचे डोळे चमकले. "म्हणजे आधी नमुना, मग शिक्का," तो म्हणाला. "आपलंच खातं आहे साहेब." खर्चाची चिंता नव्हती, अहवाल अनुकूल आला तर निवृत्तांच्या योजनेतून मंजुरी मिळणार होती. सगळं त्या एका कागदावर अडलं होतं.

कागद आला त्या मंगळवारी खोलीत आम्ही पाच जण होतो. मोठे डॉक्टर, डॉक्टरीणबाई, इक्बाल, भाभी आणि मी. डॉक्टरांनी पहिलं पान बघितलं, केसपेपरवर एक शब्द लिहिला. "निगेटिव्ह. इम्युनोथेरपीत अर्थ नाही. साधी केमो सुरू करू." डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "सर, पुन्हा एकदा बायोप्सी करून बघायची का?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "रिपोर्ट आलाय ना? मग?" त्या मग इक्बालकडे वळून म्हणाल्या, "काका, तुमची इच्छा असेल तर..." इक्बालने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नको. तो हसून म्हणाला, "नको हो, बाई. नापास मालाचा पुन्हा नमुना काढायचा नसतो. ह्यांनीच शिकवलंय आम्हाला." डॉक्टरही हसले. "बघा, पेशंटलाही कळतं." आणि मी... मीही हसलो. शिष्याने गुरूची लाज राखली होती ना!

पुढचे सात महिने सांगण्यासारखे नाहीत. केमोने तो आतून पोखरत गेला, गाठ मात्र जिथल्या तिथे. शेवटच्या भेटीत मी उशाशी बसलो होतो तेव्हा त्याने माझ्या शर्टाचं खालचं बटण तुटल्याचं दाखवून दिलं. त्याला धड श्वास घेता येत नव्हता, पण माणसाची नजर शाबूत होती.

तो गेल्यावर योजनेच्या कागदपत्रांसाठी भाभींनी फाईल माझ्याकडे दिली. तीच फाईल, जी सात महिने मी माझ्या हाताने पिशवीतून नेत-आणत होतो. अहवालाला दोन पानं होती. दुसरं पान पहिल्याच्या मागे टाचलेलं. त्यावर खाली इंग्रजीत शेरा होता: तपासलेल्या तुकड्यात गाठीच्या पेशी पुरेशा संख्येने नाहीत, यावरून निष्कर्ष काढू नये, नवीन नमुना घेऊन तपासणी करावी. मी तो शेरा उभ्यानेच चार वेळा वाचला. तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. नमुना अपुरा असेल तर लॉट नापास नसतो, तो तपासलेलाच नसतो. आमचा नियम तिथे लागूच होत नव्हता. त्या बाईंनी पान उलटलं होतं, म्हणून त्यांनी विचारलं. डॉक्टरसाहेबांनी पान उलटलं नाही आणि बाईंना उलटू दिलं नाही.

पुढच्या मंगळवारी नंबर लावून आत गेलो. अहवाल समोर ठेवला. डॉक्टरांनी वाचला, चष्मा काढला. "काका, पुन्हा तपासूनही निगेटिव्हच आलं असतं कदाचित."

"कदाचित."

"आणि पॉझिटिव्ह आलं असतं तरी औषध लागू पडेलच असं नसतं."

"मान्य. तुम्ही केसपेपरवर निगेटिव्ह लिहिलंत, तिथे नमुना अपुरा होता, आम्ही तो शेरा वाचला नाही, एवढं लिहून द्या. सही करा. मी जातो."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "बाहेर पेशंट थांबलेत."

तेव्हापासून दर मंगळवारी मी तिथे जातो. पहिल्यांदा आत बाकावर बसलो आणि शेजारच्या प्रत्येकाला सांगितलं, रिपोर्टचं शेवटचं पान वाचा, नमुना पुरेसा होता का ते डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या मंगळवारी सुरक्षारक्षकाने हाताला धरून बाहेर काढलं. आता फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसतो, लोक तिथेही येतात. डॉक्टरांची गाडी आली की उभं राहून नमस्कार करतो. पहिल्यांदा त्यांनी काच वर केली. पुढच्या वेळी काच आधीपासूनच वर होती. मला बरं वाटलं. म्हातारपणी असं वाटू नये म्हणतात, क्षमा करावी म्हणतात. म्हणोत बापडे. इक्बालला जे मिळालं नाही ते औषध लागू पडलं असतं वा नसतं, त्याला विचारलंच गेलं नाही, आणि ज्याने विचारलं नाही त्याने दर मंगळवारी माझं तोंड बघावं अशी माझी इच्छा आहे.

चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी वैद्यकीय परिषदेकडे द्यायचा तक्रारअर्ज घेऊन भाभींकडे गेलो. चार पानं, मीच लिहिलेली, सही त्यांची हवी होती. मी पेन पुढे केलं. त्यांना स्वतःचा चष्मा सापडेना, म्हणून टेबलावरचा इक्बालचा लावला आणि वाचायला बसल्या. मी म्हटलं, "भाभी, मी दोनदा तपासलाय." एकेका ओळीवर बोट ठेवत त्यांनी चौथ्या पानाच्या तळापर्यंत वाचलं.

"भाईसाहेब, त्या दिवशी त्या मुलीने पुन्हा नमुना काढायचं विचारलं, ते यात नाही."

"आहे की. डॉक्टरांनी तिला गप्प केलं, लिहिलंय."

"त्यानंतर तिने ह्यांना विचारलं. ह्यांनी तुमच्याकडे बघितलं." त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "ते नाही."

फाईल सात महिने माझ्या हातात होती. मोठ्या माणसाने वाचलेला कागद पुन्हा वाचायचा नसतो, हाही आमचाच एक नियम, कुठे न लिहिलेला.

"तेही लिहा," भाभी म्हणाल्या. "तुमच्या नावासकट. मग करते सही."

मी तिथेच बसून पाचवं पान लिहिलं. त्यांनी तेही वाचलं, सही केली आणि चष्मा घडी घालून टेबलावर ठेवला. अर्ज दाखल झाला आहे, पोच माझ्याकडे आहे. डॉक्टरांना जाब विचारला जाईल तेव्हा मलाही विचारावा, आणि आम्हा दोघांना एकाच बाकावर बसवावं, एवढंच माझं मागणं आहे.