आठ उमेदवारांची छाननी

"मॅडम, ह्यो तुमचा डबा. तुमचा तुमच्यापाशीच ऱ्हाऊ दे."

आबांनी आमचा रिसीव्हर वायरसकट माझ्या टेबलावर ठेवला. आबा म्हणजे नदीकाठच्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन. नदीचं पाणी उचलून सभासदांच्या उसाला द्यायचं, हे संस्थेचं काम. पावसाळ्यात नदी चढली की जॅकवेलमधल्या, म्हणजे काठावरच्या विहिरीतल्या मोटारी वेळेत वर ओढाव्या लागतात. चेनपुलीनं ओढायला चार तास जातात. तेवढी आगाऊ खबर मिळावी म्हणून आम्ही वर गगनबावड्याच्या बाजूला एका पुलाखाली सेन्सर लावला होता. दर पंधरा मिनिटांनी तो रेडिओवरून पाण्याची पातळी कळवणार, असं ठरलं होतं.

"पाऊस नसला की पोपटावानी बोलतोय," आबा म्हणाले, "आन पाऊस लागला की गप. उन्हातली पातळी घिऊन मी काय करू? मीटिंगमधी सगळ्या संचालकांशी भांडून ह्यो डबा घेतलाय. मोटारी बुडाल्या तर गावात तोंड दावाय जागा न्हाय मला."

आबा चुकीचं काहीच बोलत नव्हते. भर पावसात ओली झाडी सिग्नल खाते, संदेश खरवडलेला पोचतो. पण असा संदेश दुरुस्त करून वाचायचा यासाठीच तर माझा डीकोडर होता. बंगळूरला बारा वर्षं मी मोबाइलच्या चिपसाठी हेच काम केलं. त्यामुळे इथल्या आमच्या छोट्या कंपनीत डीकोडरकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत नव्हती. मीही ती होऊ दिली नव्हती. दोन आठवडे मी एकच सांगत होते, कनेक्टरमध्ये पाणी जातंय. आमचा हार्डवेअरवाला संतोष रेनकोट चढवून चार वेळा घाटात जाऊन आला. कनेक्टर बदलले, केबल बदलली, अँटेना बदलला. फरक शून्य.

"आबा, बसा. चहा घ्या," मी म्हणाले.

"चा घेतो. पर आधी मला सांगा, ह्यो डबा आत करतोय तरी काय?"

मी कागद ओढला. आमच्या संदेशाला पोलर कोड लावलेला असतो. त्यात बिटांच्या काही जागा भरवशाच्या असतात, काही बेभरवशाच्या. खरी माहिती भरवशाच्या जागांवर ठेवायची. उरलेल्या जागांवर शून्य ठेवायचा, हे पाठवणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. रिसीव्हर पहिल्या बिटापासून एकेकाचा निकाल लावत पुढे जातो. अडचण अशी की एकदा लावलेला निकाल फिरवता येत नाही. एक चुकला की त्याच्या आधारानं लावलेले पुढचेही बिघडत जातात.

"मग?"

"मग आम्ही एकाच उत्तरावर विसंबत नाही. एखाद्या बिटाची शंका आली की शून्य आणि एक, दोन्ही शक्यता धरून ठेवायच्या. असे सगळ्यात बरे आठ उमेदवार शेवटपर्यंत सोबत न्यायचे. याला लिस्ट डीकोडिंग म्हणतात."

उमेदवार म्हटल्यावर आबा सावरून बसले. त्यांची हयात सोसायट्यांच्या निवडणुकांत गेली होती. "आन आठातला एक निवडायचा कसा?"

"प्रत्येकाला गुण असतात. ज्याचे गुण जास्त तो पहिला. शिवाय संदेशाच्या शेवटी सीआरसी जोडलेला असतो, म्हणजे पडताळणीचे काही बिट. संदेशावरून ते पुन्हा काढून बघायचे. जुळले तर संदेश खरा."

"म्हंजे छाननी."

"हो, छाननीच."

"कुणाची करता?"

"पहिला आलेल्याची."

आबांनी कप खाली ठेवला. "आन त्यो छाननीत बाद झाला तर?"

"तर संदेश फुकट. टाकून द्यायचा."

"आन बाकीच्या सात जणांनी काय घोडं मारलंय?"

मी कागदावर एक ते आठ आकडे लिहिले आणि पहिल्याभोवती गोल केला.

"आमच्यात बगा," आबा समजावू लागले, "आधी सगळ्या अर्जांची छाननी. ज्याचं कागद बाद, त्यो बाद. उरलेल्यात मग मतं. तुमी आधी मतं मोजताय, आन निवडून आलेला बाद झाला की निवडणूकच रद्द करताय. असली सोसायटी न्हाय बगितली मी."

मी लॅपटॉप उघडला. आबा म्हणत होते ती पद्धत मला चांगली ठाऊक होती. जुन्या नोकरीत ती तयार लायब्ररीत असायची. इथल्या छोट्या चिपसाठी मी सगळा कोड हातानं लिहिला, आणि पहिल्या दिवशी तो नुसता चालतोय का बघायला म्हणून फक्त पहिल्या उमेदवाराची तपासणी घातली. त्या ओळीवर माझीच कॉमेंट होती, "टेम्पररी, नंतर बघू." उघडीप असताना पहिला उमेदवारच खरा निघतो, म्हणून सगळं झकास चाललं. पावसात खरा उमेदवार मागे पडायचा आणि माझा डीकोडर त्याच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिसीव्हरमध्ये फसलेल्या संदेशांचे कच्चे सिग्नल साठवलेले होते. मी ती ओळ बदलली, आठही उमेदवार तपासायला लावले आणि तेच सिग्नल पुन्हा चालवले. पहिलाच संदेश उघडला. खरं उत्तर चौथ्या नंबरवर बसलं होतं. पाठोपाठ बहुतेक सगळे उघडले.

संतोष माझ्या खुर्चीमागे उभा राहून बघत होता. "म्हंजे माझं कनेक्टर चांगलं हुतं," तो म्हणाला.

"चांगले होते. माझं चुकलं, संतोष."

"आबा, तुमी ऐकलं न्हवं?" त्यानं आबांना साक्षीदार करून घेतलं.

बदललेला कोड भरलेला डबा काखेत मारून आबा गेले.

पुढच्या आठवड्यात घाटात पाऊस असा लागला की समोरचं दिसेना. दुपारी आबांचा फोन आला. "डबा बोलला, मॅडम! मोटारी वर हायत. जॅकवेल पाण्याखाली गेली, आन आमी काठावर निवांत हाय." मला खुर्चीतून उडी मारावीशी वाटली. रिसीव्हरनं पाठवलेल्या नोंदी बघून मी त्यांना सांगितलं की पातळी वाढल्याचा पहिला संदेश तिसऱ्या नंबरवरून आला होता.

"तिसऱ्या?" आबा मोठ्यानं हसले. "मीबी एकदा तिसराच आलतो. माझ्याकडं न्हाय कुणी बगितलं!"

ती कॉमेंट मी काढून टाकली. संतोषला नवा रेनकोट घेऊन दिला, जुना त्याचा माझ्या हट्टापायी फाटला होता. आठ उत्तरं शेवटपर्यंत हातात ठेवणारा डीकोडर मी लिहिला होता, आणि स्वतः मात्र दोन आठवडे एकच उत्तर धरून बसले होते, कनेक्टर.