इथं कोन चुकलं?

डोमाजी आबाजींच्या पोथीत अध्याय संपला की लगेच आरती होत नसे. आधी प्रश्न होई. चष्मा कपाळावर सरकवून ते समोर बसलेल्यांकडे बघत आणि विचारत, "सांगा आता, इथं कोन चुकलं?" उत्तराला एक अट असे. रावणाचं किंवा दुर्योधनाचं नाव घ्यायचं नाही. "ते चुकले, हे तं शेंबडं पोरगं बी सांगते. दुसरं कोन, ते सांगा."

आमचं गाव नवेगाव बांधच्या बाजूला. गावचा तलाव ज्यांच्या पूर्वजांनी बांधला, त्या घराण्यातले हे आबाजी. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आटोपली की हनुमानाच्या देवळात त्यांची पोथी लागायची. एका वर्षी रामायण, एका वर्षी महाभारत.

एकदा गावातले सोमाकाका म्हणाले, "आबाजी, चुकली ते सीता. हरणाचा हट्ट कायले केला तिनं?"

आबाजी हसले. "तू मोटरसायकलसाठी जेवन सोडून बसलता ना गा? तिनं तं हरिनच मांगलं होतं." देवळात बायकांच्या बाजूला जो हशा पिकला, त्यामुळे त्या दिवशी आरती उशिरा झाली.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा मी बारावीत होते. त्यांनी मला वाचायला बसवलं. मी वाचायचं आणि त्यांनी अर्थ सांगायचा. कुणीतरी कुरकुरलं, "पोट्टी वाचन का पोथी?" आबाजी म्हणाले, "अक्षराले कुठं समजते, कोन वाचून रायलं ते!" माझे आईवडील दोघंही सही करण्यापुरतं शिकलेले. चारचौघांत न अडखळता बोलायला मी देवळाच्या त्या ओट्यावर शिकले.

त्या वर्षी महाभारत होतं. सभेचा अध्याय आला तेव्हा आबाजींनी बराच वेळ अर्थ सांगितला. द्रौपदी विचारत होती आणि मोठमोठे म्हातारे मान खाली घालून बसले होते. "वाईट करनारा एकच असते," ते म्हणाले. "गप बसनाऱ्यांची सभा भरते." मला ते फार पटलं होतं.

पुढच्या वर्षी मी बारावी पास झाले. गोंदियाच्या कॉलेजात माझं नाव यादीत लागलं. आता फक्त जाऊन प्रवेश घ्यायचा होता. तेवढ्यात तिरोड्याकडचं स्थळ आलं. घर चांगलं होतं, मुलगा निर्व्यसनी होता. माझ्या मोठ्या काकांनी बाबांना सांगितलं, "असं स्थळ पुन्हा येत नाही." चातुर्मासात लग्न नसतं, पण शब्द द्यायला काय हरकत आहे, असं म्हणून पाहुणे आले. गावातले मोठे म्हणून आबाजींनाही बोलावलं होतं. मी दाराआड उभी राहून त्यांच्याकडेच बघत होते. आता ते विचारतील, पोरीच्या शिक्षणाचं काय? पण ते काही बोलले नाहीत. सुपारी फुटली. त्यांनी खांड तोंडात टाकलं, चहा घेतला आणि काठी टेकत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सुजलेल्या डोळ्यांनी रामायणाचा अध्याय वाचला. संपला. आबाजींनी चष्मा वर केला, पण प्रश्न विचारला नाही. लोक वाट बघत राहिले.

"आज पोथीतलं नाही इचारत," ते शेवटी म्हणाले. "काल या पोरीच्या घरी सुपारी फुटली. पोरगी दाराआड रडून रायली होती. मले आयकू आलं. सांगा, इथं कोन चुकलं?"

बाबा मागे खांबाला टेकून बसले होते. दोन-चार माना त्यांच्याकडे वळल्या.

"तिकडं कायले पाहता? तो तं बाप हाय, त्याले पोरीची काळजी हाय. चुकलो मी. सालोसाल तुमाले सांगून रायलो का सभेत गप बसू नोका. अन् माह्यावर येळ आली, तं सुपारी चघळत बसलो."

बाबा उठून निघून गेले. मी भीतभीतच घरी गेले. ते जेवले नाहीत. सकाळी मात्र त्यांनी गाडी काढली, आबाजींना मागे बसवलं आणि तिरोड्याचा रस्ता धरला. दिलेला शब्द परत घेऊन दोघं दुपारी आले. त्यांना तिथं काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते मला कधीच पूर्ण कळलं नाही. आबाजी एवढंच म्हणाले, "चहा बी नाही इचारला, बाप्पा!" मोठ्या काकांनी पुढे वर्षभर बाबांशी बोलणं टाकलं. त्याच आठवड्यात मी गोंदियाला प्रवेश घेतला.

आबाजी आता नाहीत. पण मी पदवीधर झाले, तेव्हा ते होते. आमच्या घराण्यातली मी पहिलीच. पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले आणि वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"माह्या पाया कायले पडतं, माय? मी तं बोलाचं तवा बोललो नाही, दुसऱ्या दिवशी बोललो. बोलनं सोपं असते. तुह्या बापानं आयकलं. भावाले तोडून, चार लोकांत खाली पाहून शब्द परत घेतला त्यानं. पोथी आयकनारे लय पाहिले मी. तसं आयकनारा तो एकच."

मी उठले आणि आमच्या धानाच्या शेतात, बांधीकडे गेले. बाबा धुऱ्याच्या बांधाशी उभे राहून पाणी सोडत होते, पाय चिखलात होते. मी तशीच वाकले. ते दचकून मागे सरले.

"काऊन वो? काय झालं?" ते म्हणाले. "पाय भरले हायेत माहे."