पेशंटसोबत आलेला माणूस

आमच्या भागात पेशंट स्वतःचं दुखणं सांगत नाही. सोबत आलेला सांगतो. पेशंट जीभ दाखवतो, हात पुढे करतो आणि डॉक्टरनं काही विचारलं की सोबतच्याच्या तोंडाकडे बघतो. सोबतचा म्हणजे घरातला सगळ्यात शिकलेला माणूस. कचेरीत अर्ज द्यायचा असो की दवाखान्यात पोटदुखी सांगायची असो, बोलायचं त्यानं. माहेरी ती शिकलेली मीच होते, त्यामुळे चाळिशीपर्यंत ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटत आली. मग मीच आजारी पडले आणि सोबतीला नवरा आला.

मी वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्या वर्षी नववीच्या वह्या तपासायला घरी आणल्या आणि त्या महिनाभर पलंगाखाली पडून राहिल्या. सकाळी उठून दात घासायचे म्हणजे डोंगर वाटायचा. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, मी शेजारीच उभी असायचे आणि वरण करपायचं. रडू येत नव्हतं. आलं असतं तर निदान लोकांना दाखवायला काहीतरी झालं असतं.

कारण मात्र आमच्या नालवाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. नणंद म्हणाली, बी-ट्वेल्व्ह कमी असेल. शेजारीण म्हणाली, मोबाईल. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, मनावर घेऊ नका," आणि हातात मेमो ठेवला. एका चुलतदिरांनी तर विपश्यना शिबिराचा फॉर्मच आणून दिला. जिच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघत नाहीत तिला दहा दिवस गप्प बसायला पाठवा, धन्य आहे! आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच : "नोकरी आहे, घर आहे, नवरा पीत नाई, मंग तुले झालं काय?" असं विचारणाऱ्याला चपलेसकट दाराबाहेर काढावंसं वाटायचं. मी चहा करून द्यायचे.

शेवटी मनोविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी झोप येईल, पण बोलावंही लागेल, असं म्हणून त्यांनी आतल्या खोलीतल्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई कसली, पोरगीच. माझ्या वर्गात बसून गेलेली शोभली असती. तिनं मला विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"मी सांगतो ना मॅडम," नवरा खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "जेवत नाई, कोनाशी बोलत नाई. तिले टेन्शन घ्याची सवयच आहे. एवढीशी गोष्ट धरून बसते."

माणूस वाईट नाही. माझी गोळी चुकू नये म्हणून तो मोबाईलला गजर लावायचा. पण माझा आजार तो इतक्या ठामपणे सांगायचा की ऐकताना मलाही तो त्याचाच वाटायचा. दोन वेळा असंच झालं. मी आपली मान हलवत होते. तिसऱ्या वेळी त्या पोरीनं त्याला बाहेर बसायला सांगितलं.

"अहो, मी नवरा आहे तिचा."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

आता मी बोलेन असं तिला वाटलं असावं. मी पंख्याकडे बघत बसले. ती काही विचारीना. मला तिचा असा संताप आला की बस. मी म्हणाले, "नुसतं बोलून काय होतं? तुम्ही नेमकं करता तरी काय?"

"ऐकते."

"ते तर भिंतही ऐकते."

"मग तिला सांगून झालं का?"

नव्हतं झालं. भिंतीलाही नव्हतं सांगितलं. त्या दिवशी मी फक्त भांडले, तिच्याशी, नवऱ्याशी, नणंदेशी, जे खोलीत नव्हते त्यांच्याशी. पण कितीतरी महिन्यांनी माझा आवाज मलाच ऐकू आला. मग दर बुधवारी जात राहिले, दर बुधवारी कुरकुर करत.

मला तिच्याकडून एक कारण हवं होतं, विज्ञानाच्या उत्तरासारखं, खाली रेघ मारता येईल असं. ती म्हणे, कारण एक नसतं. थोडं शरीरात असतं, थोडं घराण्यात असतं, आणि उरलेलं आपण वर्षानुवर्षं गिळलेलं असतं. मग तिनं विचारलं, "तुमच्या घरात आधी कोणाला असं झालं होतं?"

"नाही," मी ताडकन म्हणाले. इतक्या घाईनं की तिनं वहीतून मान वर केली.

बाहेर येऊन ऑटोत बसले आणि आई आठवली.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. पवनारच्या घरी आई भिंतीकडे तोंड करून पडून असायची. कणीक भिजवलेली तशीच राहायची, केस दोन-दोन दिवस विंचरलेले नसायचे. बाबा शेतात जायचे. शिकलेली मी, म्हणून एसटीत घालून तिला दवाखान्यात मी नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय होते बाई?" आईनं तोंड उघडलं. आणि मी म्हणाले, "तिले काही नाई झालं डॉक्टर, कामाचा कंटाळा आहे."

डॉक्टर हसले. मीही हसले. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. येताना आई खिडकीशी बसली होती, ती चिठ्ठी पदरात धरून. दुसऱ्या दिवशी ती उठली, भाकरी थापल्या, आणि आम्ही समजलो, बरी झाली.

पुढच्या बुधवारी मी हे सगळं सांगितलं. तुम्ही तेव्हा लहान होता, असं तिनं म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. ती तसं काही म्हणाली नाही. "आई आहेत?" एवढंच विचारलं. मला तिच्या अंगावर वही फेकावीशी वाटली. नवऱ्यावर मी इतके दिवस ज्यासाठी दात खात होते, ते सगळं मी त्याच्या कितीतरी आधी करून बसले होते. वेळ संपायच्या आत मी उठून आले.

रविवारी पवनारला गेले. आई ओसरीत सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होती, हाताला तिचाच वास. मी बाजूला बसले आणि म्हणाले, "आई, मी त्या मॅडमकडे जातो ना, तू बी चाल एखाद्यावेळी माह्यासंग."

"मले काय झालं?"

"तसं नाई, पन..."

"काही नाई झालं मले. तूच सांगतलं होतं डाक्टरले. कामाचा कंटाळा आहे म्हने." तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मी तोंड उघडलं होतं त्या दिवशी."

वीस-बावीस वर्षं तिनं माझं ते वाक्य जपून ठेवलं होतं. मी म्हणाले, "चुकलं माहं." जुडी संपली, तिनं काड्या गोळा केल्या, हात धुतले, पदराला पुसले.

"कधी जा लागते?"

"बुधवारी."

"येतो मी," आई म्हणाली. "पन तू बाहीर बसजो."